चेहऱ्यात चरबी भरून घेण्याआधी: धोका कुठे असतो आणि तो कसा टाळायचा

फॅट ग्राफ्टिंगची, म्हणजे शरीराच्या एका भागातली चरबी काढून चेहऱ्यात भरण्याची, जाहिरात बहुतेक एकाच मुद्द्यावर चालते: चरबी तुमचीच, मग रिअ‍ॅक्शन यायचा प्रश्नच कुठे? स्वतःच्या चरबीची अ‍ॅलर्जी होत नाही हे खरं आहे. पण या शस्त्रक्रियेतले गंभीर धोके अ‍ॅलर्जीचे नसतातच. चरबी चुकीच्या जागी गेली, जास्त दाबाने गेली किंवा अस्वच्छ अवजारातून गेली की ते उद्भवतात. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा फिलर (त्वचेखाली भरायचं तयार जेल) चुकला तर तो विरघळवायला हायलुरोनिडेजचं इंजेक्शन तरी आहे. चरबीला असा उतारा नाही. म्हणून खबरदारी सगळी आधीच घ्यावी लागते, आणि त्यातली बरीचशी रुग्णाच्या हातात असते.

टेबलावर काय होतं

पोट, कंबर किंवा मांडीतून चरबी काढतात. त्याआधी तिथे सलाइन, लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) आणि अ‍ॅड्रेनालिन यांचं मिश्रण सोडतात, म्हणजे जागा बधिर होते आणि रक्त कमी जातं. मग 2 ते 3 मिमी जाडीच्या कॅन्युलाने (लांब पोकळ नळीने), 10 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या हाताने हलकेच ओढून चरबी काढली जाते. जोरदार सक्शन लावलं तर पेशी फुटतात.

न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन सिडनी कोलमन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत ही सिरिंज सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या वेगाने 3 मिनिटं फिरवतात. बाहेर काढल्यावर तिच्यात तीन थर दिसतात. वर पिवळं पारदर्शक तेल, म्हणजे फुटलेल्या पेशींतून सांडलेली चरबी. मध्ये दाट, फिकट पिवळा थर. खाली लालसर पाणी आणि रक्त. उपयोगाचा फक्त मधला थर. वरचं तेल ओतून टाकून उरलेलं गॉजच्या टोकाने टिपून घ्यावं लागतं. हे घाईने केलं तर तेच तेल चेहऱ्यात जातं आणि पुढे त्याच्या गाठी होतात. काही सर्जन सेंट्रिफ्यूजऐवजी गाळून किंवा धुऊन घेतात, तेही चालतं. तेल आणि रक्त वेगळं केलं की नाही, हे महत्त्वाचं.

त्यानंतर चरबी 1 मिलीच्या छोट्या सिरिंजमध्ये भरून बोथट टोकाच्या बारीक कॅन्युलाने चेहऱ्यात सोडतात. एका फेरीत 0.1 मिलीपेक्षा जास्त नाही, डोळ्यांभोवती त्याहूनही कमी. याला कारण आहे. नवीन जागी पहिले काही दिवस त्या पेशींना स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आजूबाजूच्या ऊतींतून झिरपेल तेवढ्या ऑक्सिजनवर त्या जगतात. तो एक-दोन मिलिमीटरपलीकडे पोचत नाही. थेंब जाड झाला की त्याचा मधला भाग मरतो. मेलेली चरबी काही वेळा शरीर पचवतं, काही वेळा तिथे तेलाची पिशवी किंवा कडक, कॅल्शियम साचलेली गाठ राहते.

एवढं करूनही भरलेल्यापैकी साधारण 30 ते 70 टक्के चरबी टिकते. नेमकी किती टिकेल ते कोणी आधी सांगू शकत नाही. ‘शंभर टक्के परमनंट’ असं लिहून देणाऱ्या ठिकाणाहून तिथेच परत फिरा.

सगळ्यात मोठा धोका: डोळा

चेहऱ्याच्या धमन्या आणि डोळ्याला रक्त पुरवणारी ऑफ्थॅल्मिक धमनी भुवयांपाशी आणि नाकाच्या मुळाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. कॅन्युलाचं टोक अशा धमनीत शिरलं आणि दट्ट्या जोरात दाबला गेला, तर तो दाब रक्तदाबावर मात करतो. चरबी उलट्या दिशेने डोळ्याकडे ढकलली जाते. दट्ट्यावरचा दाब सुटताच रक्तप्रवाह पुन्हा सुरू होतो आणि तीच चरबी पुढे दृष्टिपटलाच्या धमनीत नेऊन अडकवतो. आणखी मागे ढकलली गेली असेल तर ती मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो.

यासाठी चरबी किती लागते? भुवईजवळच्या धमनीपासून डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या टोकापर्यंतची पोकळी मोजली गेली आहे. ती सरासरी 0.085 मिली भरते. 1 मिलीच्या सिरिंजचा दहावा हिस्सासुद्धा नाही. छोटी सिरिंज आणि थेंबाथेंबाने सोडण्याचा आग्रह यासाठीच आहे. 10 मिलीच्या सिरिंजने थेट चेहऱ्यात चरबी सोडणारा माणूस हे प्रमाण पाळूच शकत नाही.

ही गुंतागुंत विरळा आहे, पण झाली की बहुतेकदा कायमची. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, चेहऱ्यात काही ना काही भरल्यामुळे दृष्टीवर परिणाम झालेल्या 98 रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. त्यांतल्या 47 जणांमध्ये भरलेला पदार्थ स्वतःची चरबी हाच होता. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे 23. जागांमध्ये पहिला क्रमांक दोन भुवयांमधल्या जागेचा, मग नाक, नाकापासून ओठाकडे जाणारी घडी आणि कपाळ.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: दोन भुवयांमधली आठी आणि नाकाचा दांडा या दोन जागी केवळ सौंदर्यासाठी चरबी भरून घेऊ नका. आठीला बोटॉक्स आहे, नाकाला रीतसर शस्त्रक्रिया आहे. गाल, हनुवटी, कानशिलं या जागा तुलनेने बऱ्या, पण धोका तिथेही शून्य नाही. कानशिलात खोलवर एक जाड शीर असते. तिच्यात चरबी गेली तर ती हृदयातून फुप्फुसांत पोचते. त्यातून मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

सर्जनला हे विचारा, आणि उत्तर पुटपुटलेलं असेल तर थांबा:

- चेहऱ्यात सोडताना टोकदार सुई वापरता की बोथट कॅन्युला? (बोथटच हवी.)
- कॅन्युला मागे घेत घेत चरबी सोडता का? (एका जागी थांबून सोडणं धोक्याचं.)
- सोडण्याआधी चेहऱ्यात अ‍ॅड्रेनालिन देता का? (त्याने धमन्या आकसतात आणि टोक आत शिरण्याची शक्यता घटते.)
- त्याच बैठकीत चेहऱ्यावर दुसरी शस्त्रक्रिया आहे का? (नुकत्याच कापलेल्या ऊतींत रक्तवाहिन्या उघड्या असतात, त्याच भागात चरबी सोडायची तर जोखीम वाढते.)
- नजर गेली तर पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही काय करता? जवळचा नेत्रतज्ज्ञ किती दूर आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्जनला विचार करून द्यावं लागू नये. औषधं कपाटात, फोन नंबर भिंतीवर आणि कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं हे ठरलेलं असायला हवं. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर लांब असलेलं हॉस्पिटल अशा वेळी कामाचं नाही.

कोण आणि कुठे

भारतात या कामाचं रीतसर शिक्षण म्हणजे एमएसनंतर एमसीएच प्लास्टिक सर्जरी किंवा त्याच विषयातलं डीआरएनबी (जुन्या पदव्यांवर डीएनबी लिहिलेलं असतं). ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘एस्थेटिक फिजिशियन’ या पाट्यांवरून काहीच कळत नाही. नाव आणि नोंदणी क्रमांक घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधा. गोव्यात असाल तर गोवा मेडिकल कौन्सिल. तिथे पदव्या दिसतात. महाराष्ट्रात ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, तेव्हा ती चालू आहे का तेही बघा. जिने सल्ला दिला तीच व्यक्ती ऑपरेशन करणार आहे ना, हे लेखी घ्या.

पार्लर, स्लिमिंग सेंटर, हॉटेलची खोली: कुठल्याही सवलतीत नको. नोंदणीकृत हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर हवं. भूल नुसती जागा बधिर करण्यापुरती नसेल, शिरेतून झोपेचं औषध देणार असतील, तर भूलतज्ज्ञ हजर हवा, ऑक्सिजन आणि मॉनिटर लावलेला हवा.

चेहऱ्यासाठी चरबी थोडीच लागते, म्हणून लिग्नोकेनचा डोसही सहसा मर्यादेत राहतो. पण ‘चेहऱ्यासोबत पोटाची लायपोही करून घ्या’ (लायपो म्हणजे चरबी ओढून काढणं) असं पॅकेज असेल तर हिशेब बदलतो. पोटात सोडायच्या पातळ मिश्रणात लिग्नोकेनची रूढ मर्यादा किलोमागे 35 मिग्रॅ धरतात. 60 किलोच्या व्यक्तीला 2100 मिग्रॅ. रक्तातलं प्रमाण सगळ्यात जास्त होतं ते बऱ्याच तासांनी, म्हणजे रुग्ण कदाचित घरी पोचल्यावर. तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण, बोबडी वळणं ही सुरुवातीची लक्षणं, पुढे आकडी. त्यावर 20 टक्के लिपिड इमल्शन शिरेतून देतात. ते थिएटरमध्ये आहे का, हेही विचारा.

‘स्टेम सेल फेसलिफ्ट’ या नावाला भुलू नका. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर स्टेम सेलचे असे उपचार विकणं अनैतिक ठरतं. ‘उरलेली चरबी फ्रीजरमध्ये ठेवू, सहा महिन्यांनी परत भरू’ हेही नाकारा. साध्या फ्रीजरमध्ये पेशी मरतात, आणि जंतुसंसर्गाची भीती वेगळीच.

अवजारं कशी निर्जंतुक करतात?

हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही, पण पुढचे सहा महिने वाचवणारा हाच आहे. कॅन्युला म्हणजे अरुंद, लांब नळी. आत चरबी आणि रक्त सुकून राहिलं तर वाफही नीट पोचत नाही. काही ठिकाणी ती ऑटोक्लेव न करता (म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक न करता) ग्लुटराल्डिहाइडच्या जंतुनाशक द्रावणात बुडवतात आणि मग साध्या पाण्याने खंगाळतात. नळाच्या पाण्यात असणारे मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस, चेलोनी, फॉर्च्युइटम हे जंतू तिथून आत जातात. हे क्षयाच्या जंतूच्याच कुळातले, पण औषधांना वेगळे. उत्तर एकच ऐकायला हवं: आतून ब्रशने घासून ऑटोक्लेव केलेल्या, किंवा एकदा वापरून फेकायच्या कॅन्युला.

हा संसर्ग लगेच दिसत नाही. जखम छान भरते, सूज उतरते आणि तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत कधीतरी गालात किंवा पोटावर चरबी काढलेल्या जागी लालसर-जांभळी गाठ येते. फारशी दुखत नाही, ताप बहुधा नसतो. फोडली तर पातळ पू येतो. नेहमीची अँटिबायोटिक्स दिली की थोडी दबते, मग शेजारी दुसरी उठते. पुवाचं साधं कल्चर ‘नो ग्रोथ’ येतं, कारण दोन-तीन दिवसांत रिपोर्ट देऊन नमुना टाकून देतात आणि हे जंतू उगवायला त्याहून वेळ घेतात. तेव्हा लॅबला पाठवताना ‘एएफबी स्मिअर आणि मायकोबॅक्टेरियल कल्चर’ असं स्पष्ट लिहून घ्या, जंतू कुठला आणि त्यावर कुठलं औषध चालतं हेही मागा. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (टीबीतही दिसणारा पेशींचा पुंजका) दिसला म्हणून सरळ एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करणं आपल्याकडे सहज घडतं. अ‍ॅबसेसस आणि चेलोनीवर ती औषधं चालत नाहीत. योग्य औषधांचा कोर्स महिनोन्‌महिने चालतो.

सुट्टीवर आखातातून किंवा अमेरिकेतून येऊन ऑपरेशन करून परतणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं: गाठ उठेल तेव्हा तुम्ही परदेशात असाल. ऑपरेशनचे सगळे कागद बरोबर न्या आणि तिथल्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा की चरबी भरली आहे.

तुमची तयारी

विडी-सिगारेट, तंबाखू, गुटखा, व्हेप आणि मिश्री, सगळं किमान चार आठवडे आधी बंद आणि नंतरही चार आठवडे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्याने भरलेली चरबी उपाशी मरते. मिश्रीला बऱ्याच जणी तंबाखू धरतच नाहीत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल यांनी रक्तस्राव वाढतो. कधी थांबवायचं ते सर्जन सांगतील. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. त्यासाठी हे ऑपरेशन रद्द झालं तरी चालेल. मधुमेह असेल तर एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ताजा करा. साखर वर असताना जखमही नीट भरत नाही आणि संसर्गही पटकन होतो.

पूर्वी चेहऱ्यात कुठलाही फिलर, विशेषतः सिलिकॉन भरला असेल तर तो कुठे, किती आणि केव्हा हे लिहून द्या. आणि वजन स्थिर असू द्या. पोटातली चरबी गालात गेली तरी तिचा स्वभाव पोटातल्या चरबीचाच राहतो. पुढे दहा किलो वजन वाढलं तर गालही वाढतील, आणि डोळ्यांखाली ते फार वाईट दिसतं.

लग्नसराईसाठी करायचं असेल तर लग्नाच्या किमान चार महिने आधी, सहा असतील तर उत्तम. दोन-तीन आठवडे चेहरा उघडच सुजलेला असतो, खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो.

शुद्धीवर आल्यावर पहिल्या तासात

जागे असलेल्या रुग्णाला चरबी सोडताना डोळ्यात एकदम कळ येते किंवा अंधारतं, आणि तो ओरडतो. झोपेचं औषध दिलेला रुग्ण काहीच सांगू शकत नाही. शुद्धीवर येईपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असतो. म्हणून सोबत आलेल्या माणसाने, नर्सने विचारण्याची वाट न पाहता, ही तपासणी करावी. एक डोळा तळहाताने झाका, पापण्या सुजल्या असतील तर हलकेच उघडून दुसऱ्या डोळ्यासमोर बोटं धरा आणि मोजायला सांगा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ‘दिसतंय ना?’ असं विचारणं निरुपयोगी, कारण एक डोळा पूर्ण गेला तरी दुसऱ्याने दिसतंच. नंतर हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलून घ्या.

एका डोळ्याने दिसत नसेल, पापणी पडली असेल, डोळा फिरत नसेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा हात उचलत नसेल तर ‘भुलीचा असर आहे, उतरेल’ हे ऐकून थांबू नका. सर्जनने लगेच करायच्या गोष्टी: भरणं बंद, रुग्णाला सपाट झोपवणं, ऑक्सिजन, डोळ्याला मालिश, डोळ्याचा दाब उतरवायला टिमोलॉलचे थेंब आणि अ‍ॅसिटाझोलामाइड, आणि त्याच वेळी रवानगी. न्यायचं ते नेत्रतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआय तिन्ही असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात. नुसत्या डोळ्यांच्या दवाखान्यात मेंदूची तपासणी राहून जाते. गाडी नसेल तर 108. या उपायांनी दृष्टी परत येईलच असं नाही, खरं तर बहुतेकदा येत नाही, पण जी काही संधी असते ती मिनिटांची असते.

धाप लागणं, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं हेही तितकंच तातडीचं.

त्वचेकडेही बघा. निळंकाळं पडणं सगळ्यांनाच होतं, त्याची भीती नको. पण एखादा पट्टा आधी पांढराफटक आणि मग संगमरवरासारखा जाळीदार जांभळा दिसला, आणि सूज पाहता दुखणं फार जास्त असलं, तर तिथे बोटाने दाबून सोडा. दोन सेकंदांत रंग परतला नाही तर रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. अ‍ॅड्रेनालिनमुळे पहिले काही तास थोडा पांढुरकेपणा असतो, तरी निर्णय घरी घेऊ नका. फोटो काढा, सर्जनला फोन करा, त्याच दिवशी दाखवा.

घरी आल्यावर

डोकं उंच ठेवून झोपा, दोन-तीन उशांवर. चेहऱ्याला मालिश, वाफ, फेशिअल, थ्रेडिंग काही आठवडे नाही. बर्फ थेट दाबून लावू नका. गालावर किंवा नाकाच्या मुळाशी रुतणारा चष्मा काही दिवस सैल करून घ्या. दाबाखालची चरबी टिकत नाही. चरबी काढलेल्या जागी सर्जन सांगतील तितके दिवस, बहुधा दोन ते चार आठवडे, पट्टा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते आणि आरशात बघून रडू येतं, हे स्वाभाविक आहे. तिसऱ्या दिवसानंतर ओसरायच्याऐवजी वाढणारी, गरम लागणारी, एकाच बाजूची सूज मात्र स्वाभाविक नाही.

गाठी, फुगवटे आणि ‘अजून थोडं भरू’

नंतरच्या तक्रारींत सगळ्यात चिवट डोळ्यांखालची. तिथली त्वचा चेहऱ्यात सगळ्यात पातळ, त्यामुळे चरबीचा छोटासा दाणाही उठून दिसतो. एका बाजूला अर्धा-एक मिली पुरतो, तोही खोल, हाडालगत. तिथे दोन-तीन मिली भरायला निघालेल्या सर्जनला थांबवा. गाठ राहिलीच तर पर्याय तीन: बारीक कॅन्युलाने ओढून काढणं, छोटा छेद देऊन काढणं, किंवा गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन. तिसरा सोपा दिसतो, पण त्याने आजूबाजूची त्वचा आणि चरबी झिजून खड्डा पडू शकतो. चरबी विरघळवण्याची इंजेक्शनं डोळ्याजवळ नकोतच. सहा महिने व्हायच्या आत काहीही करायची घाई करू नका. सूज आणि गाठ यांतला फरक तोवर कळत नाही. संसर्गाचा संशय असेल तर मात्र थांबायचं नाही.

‘निम्मी जिरणारच, म्हणून आधीच दुप्पट भरतो’ हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. ज्यांची कमी जिरते त्यांचा चेहरा मग कायमचा फुगलेला राहतो, आणि जास्त गर्दीने भरलेल्या चरबीतले जास्त थेंब मरतात. कमी भरा, दुसरी बैठक लागलीच तर किमान तीन, शक्यतो सहा महिन्यांनी.

कागद

आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांत कॉस्मेटिक सर्जरी येते, त्यामुळे गुंतागुंतीचा खर्चही बहुधा खिशातूनच जातो. तेवढी रक्कम बाजूला नसेल तर ऑपरेशन पुढे ढकला. संमतिपत्र आदल्या दिवशी मागून घरी वाचा. त्यात अंधत्व, पक्षाघात आणि फुप्फुसात चरबी अडकणं (एम्बोलिझम) हे शब्द नसतील तर तुम्हाला पुरेसं सांगितलेलं नाही. ऑपरेशन नोटमध्ये कुठल्या जागी किती मिली, कुठली कॅन्युला, कुठल्या थरात, हे लिहिलेलं असावं. पुढे दुसऱ्या डॉक्टरला गाठ काढायची झाली तर याच ओळी उपयोगी पडतात. रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांत वैद्यकीय नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि त्या तीन वर्षं जपून ठेवणंही. अर्ज लेखी करा, पोच घ्या.